पोटात अकरा चांदण्या

या मित्रांनो, हात शेकत उभे राहा. एका माणसाची गोष्ट सांगतो. तो आमचं गाव बघायला म्हणून आला आणि हंड्यात डोकं घालून परत गेला.

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. क्वेडलिनबुर्गच्या चौकात नाताळची जत्रा भरते, तिथं रोसविताबाईंच्या टपरीवर माझा मुक्काम. एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं, तेव्हा बाईंच्या सासूबाई तरण्या होत्या. अकरा महिने माळ्यावर पालथं पडायचं आणि डिसेंबरात चुलीवर चढायचं. पोटात लाल वाइन, दालचिनी, लवंग, संत्र्याची साल. उकळू द्यायची नाही, नुसती वाफ येऊ द्यायची. लोक माझे फोटो काढायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

बाईंना स्वच्छतेचं भारी वेड. सासूबाई मला आतून मऊ फडक्यानं पुसायच्या. बाईंना मात्र आतली करडी कल्हई म्हणजे मळच वाटला. दरवर्षी तारेच्या घासणीनं घासघासून काढला. शेवटी मी आतूनही लालबुंद चमकायला लागलो. बाई खूश, मीही खूश. दोघंही येडे.

एका वर्षी जत्रेत गिऱ्हाईकं म्हणायला लागली, वाइन कडू लागतेय. बाईंनी खापर लवंगेवर फोडलं.

त्याच आठवड्यात शनिवारी वीस्मारहून म्हाताऱ्यांची बस आली. त्यात एकेहार्ट आणि त्याची बायको इर्मट्राउट. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून टेकडीवरचं चर्च बघायला निघालेले. चढण्याआधी घोटभर गरम घेऊ म्हणून माझ्याकडे आले. बाईंनी मला धुऊन ठेवलेलं, नवी वाइन ओतणार तोच म्हातारा माझ्यात वाकला.

"थांबा बाई. ओतू नका."

"का हो? उपास आहे का तुमचा?"

"ह्याची कल्हई गेलीय. तांबं उघडं पडलंय. आंबट वाइन ह्यात तापवाल तर लोकांची पोटं बिघडतील."

"आरशासारखा लख्ख आहे तो. घासणी तुमच्या चष्म्याला मारा."

"चाळीस वर्षं कल्हई लावलीय मी. तुम्ही हंडा घासला नाहीत बाई, सोललात."

बाईंचा चेहरा उतरला. मागं वीस माणसांची रांग. टपरीखाली खोक्यात बाईंच्या मुलानं आणलेलं विजेचं स्टीलचं भांडं होतं. तो कधीचा म्हणत होता, हंड्यात फुलं लाव आणि दारात ठेव. बाईंनी खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग हा गेला म्हणायचा," त्या हळूच म्हणाल्या.

म्हातारा कान खाजवत उभा राहिला. बायको त्याला ओळखून होती.

"एकेहार्ट, चर्च."

"अगं, तासाभराचं तर काम."

"पन्नास वर्षं तुझा तास ऐकतेय मी. कोट तरी काढून दे, नवा आहे."

समोरच ऊवे लोहार जत्रेत भट्टी लावून बसतो, लोकांसमोर घोड्याचे नाल ठोकतो. भट्टी त्याची, कल्हईला लागणारा नवसागरही त्याच्याकडे निघाला. कथील कुठून आणायचं? शेजारच्या टपरीवर नाताळच्या झाडाला टांगायच्या कथलाच्या चांदण्या ओतून विकत होते.

"ह्यात शिसं नाही ना?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"निव्वळ कथील, काका."

बाईंनी अकरा चांदण्या उचलल्या.

मला तापवलं मित्रांनो, चांगलं चरचरून. नवसागराचा पांढरा धूर निघाला, म्हातारा खोकला, लोहार हसला. चांदण्या एकेक करून विरघळल्या आणि म्हातारा कापसाच्या बोळ्यानं त्या माझ्या अंगभर फिरवत राहिला. एक जागा मनासारखी होईना, ती तीनदा केली. एका तासाचे चार झाले. तोवर इर्मट्राउट बसच्या लोकांबरोबर टेकडी चढून उतरलीसुद्धा.

"कसं होतं?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"मोठं होतं. तू नव्हतास."

वाइनचा पहिला मग बाईंनी त्यालाच दिला. पिऊन म्हणाला, "कडू नाही." एवढंच. आणि बसकडे पळाला.

तेव्हापासून बाई मला सासूबाईंच्या रीतीनं मऊ फडक्यानं पुसतात. स्टीलचं भांडं अजून खोक्यातच आहे. आणि दर डिसेंबरात ती बस येते. म्हातारा उतरतो, सरळ येऊन माझ्यात डोकं घालतो. नजर अधू झालीय, म्हणून बोट फिरवून बघतो. मग लोहाराशी गप्पा, बाईंशी भांडण, तोवर बस सुटायची वेळ. चर्च पुढच्या वर्षी. तीन वर्षं झाली असंच. यंदा इर्मट्राउटच्या हातात काठी होती. टेकडीकडे नुसती बघत उभी राहिली.

म्हणून सांगतो, घरातलं जुनं भांडं घासण्याआधी आत काय आहे ते बघा. आणि आमच्या जत्रेला आलात, हंड्यात डोकं घातलेला म्हातारा दिसला, तर त्याला कॉलरला धरून उठवा. बायकोला दुसऱ्या बाजूनं आधार द्या आणि दोघांना आधी वर नेऊन आणा. त्याला म्हणावं, हंड्याची कल्हई ठीक आहे, हंड्यानंच सांगितलंय.