नावांचा कडता

पुसदच्या बाजार समितीच्या रस्त्यावर सुनीलच्या कंपनीची पाटी लागली. तिच्यावर 'सॉफ्टवेअर लायब्ररी' असं वाचून पहिल्याच आठवड्यात एक निवृत्त मास्तर दिवाळी अंक मागायला जिना चढून आले. सुनीलने त्यांना नीट समजावलं, की ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे. इथे प्रोग्रामचा एक तयार भाग बनतो, आणि ज्याला गरज असेल तो आपल्या प्रोग्रामात जोडून घेतो. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग वर्गणी किती? त्या वर्षभरात कंपनीकडे आलेल्या चौकशांपैकी एवढी गंभीर चौकशी दुसरी नव्हती.

कंपनीत जमेला धरावी अशी एकच गोष्ट होती, आणि ती रुपालीने लिहिली होती. दोन याद्यांतली नावं ताडून कोणता माणूस कोणता हे सांगणारी लायब्ररी. खेमसिंग, खेमसिंह आणि खिमसिंग हा एकच गडी की तिघे वेगळे, हे तिला कळायचं. रुपालीच्या वडिलांचं नाव धम्मरत्न. कुठल्याशा कार्डावर कोण्या शहाण्याने ते 'दुरुस्त' करून धर्मरत्न केलं, आणि त्यानंतर त्या माणसाचं निम्मं आयुष्य आपण आपणच आहोत हे पटवून देण्यात गेलं. ते बघत वाढलेली मुलगी असल्या कामात कुचराई करत नाही. नम्रपणाही करत नाही. तिच्या कामात चूक काढणाऱ्याकडे ती अशी बघायची, की त्याला स्वतःचंच नाव एकदा तपासून घ्यावंसं वाटे.

खर्चाच्या बाजूला कपिल. हा सुनीलचा साळा. पुण्याला राहून आला होता. तिथे काय केलं हे त्याला कोणी विचारत नसे, कारण विचारलं की तो सांगत बसे. ऑफिसात तो सुनीलला 'सर' म्हणे आणि अडचणीत आला की 'भाऊजी'. त्यावरून कामाची प्रगती खालच्या बियाण्याच्या दुकानापर्यंत कळायची.

आल्या आल्या त्याने जाहीर केलं, की रुपालीची लायब्ररी हळू चालते, आणि स्वतःची नवी लिहायला घेतली. तिचं नाव 'वायुवेग'. नाव आधी ठेवलं, लायब्ररी मागून लिहिली.

अशात वणीच्या ट्रकमालकांच्या एका संघटनेकडून विचारणा आली. त्यांच्या गाड्या कोळसा वाहायच्या. खाणीच्या फाटकावरची यादी इंग्रजी अक्षरांत, संघटनेची मराठीत, आणि नाव जुळलं नाही की गाडी फाटकाबाहेर उभी. सुनीलने ठरवलं, दोन्ही लायब्रऱ्यांचा बेंचमार्क घ्यायचा. म्हणजे दोघींना एकच काम देऊन कोण लवकर उरकते ते मोजायचं. जिंकेल ती वणीला जाईल, हरेल ती बंद. रुपालीला त्याने हेही सांगून ठेवलं, की तुझी हरली तर तू गिऱ्हाइकांचे फोन सांभाळ, तुझं बोलणं फार स्पष्ट आहे. स्तुती करत माणसाला पायरीवरून खाली कसं उतरवायचं, हे तो बापाकडून शिकला होता.

बाप म्हणजे बापूजी, कापसाचे जुने अडत्ये. त्यांच्या अडतीवर वजन झालं की त्यातून कडता, म्हणजे वजनातली कपात, निघे. ओल म्हणून थोडा, माती म्हणून थोडा, बारदान म्हणून थोडा. कापूस कितीही कोरडा असो, कडता निघायचा, आणि निघायचा तो विकणाऱ्याच्याच बाजूने. घेणाऱ्याच्या काट्याला उभ्या हयातीत कधी ओल लागल्याचं बापूजींच्या ऐकिवात नव्हतं.

बेंचमार्क मांडायचं काम सुनीलने कपिलकडे दिलं. शंकरपटात ज्याची बैलजोडी धावणार, त्याच्याच हातात घड्याळ. रुपालीने हरकत घेतली, तेव्हा सुनील म्हणाला, घड्याळ काय कोणाचा नातेवाईक असते? घड्याळ नव्हतं, धरणारा होता.

कपिलने मांडणी थाटात केली. नावं कोणती द्यायची, फेऱ्या किती घ्यायच्या, सगळं एका सेटिंगच्या फाइलीत लिहिलं. पहिल्या काही फेऱ्या मशीन गरम व्हायला सोडून दिल्या. हे जगभर करतात, त्यात पाप नाही. मग त्याने संघटनेनेच पाठवलेली यादी दोन्ही लायब्रऱ्यांवर सोडली. वायुवेगाला सुनील, शीला, सलोनी ही नावं पाठ असल्यासारखी यायची. पण भावसिंग आला, डोमाजी आला, तानाबाई आली, की वारा पडायचा. लायब्ररी त्या नावापाशी पोळ्याच्या बैलासारखी उभी राहायची. सरासरी काढली तर रुपालीची पुढे. कपिलने मशीन बदलून पाहिलं, फेऱ्या वाढवून पाहिल्या. तीच सरासरी.

तो सुनीलकडे गेला आणि भाऊजी म्हणाला. सुनील जेवत होता. लहानपणापासून जे ऐकत आला, ते त्याने घास न थांबवता सांगितलं.

"मंग थोडा कडता काढ ना."

कपिलने काढला. सेटिंगच्या फाइलीत त्याच नावाची एक ओळ लिहिली: ज्या नावाला ठरावीक वेळेहून जास्त लागेल, ते मोजायचं नाही. नियम दोघींना सारखाच होता, हे तो प्रत्येकाला छातीवर हात ठेवून सांगे. रुपालीची लायब्ररी प्रत्येक नावाला जवळजवळ सारखाच वेळ घ्यायची, राजा असो की रंक. तिच्यातून काढण्यासारखं काही निघालंच नाही. वायुवेगातून भरपूर निघालं. उरलेल्यांची सरासरी अशी आली, की कपिलने तिचं रंगीत चित्र छापून भिंतीवर लावलं.

रुपालीने चित्र पाहिलं आणि विचारलं, की जे काढलं त्यात काय होतं? कपिल म्हणाला, कचरा समज. ओल समज. तिने सेटिंगची फाइल मागितली. सुनील म्हणाला, वणीहून आल्यावर पाहू. तिला मात्र सोबत घेतलं. पुढे फोन सांभाळायचे, तर गिऱ्हाईक ओळखीचं व्हावं म्हणून.

वणीला संघटनेच्या खोलीत खुर्च्या पुसून दिल्या होत्या, तरी बसल्यावर पँटीला काळं लागायचं ते लागलं. अध्यक्ष देवीलाल. फुलसावंगीकडच्या तांड्यावरून ड्रायव्हर म्हणून आला आणि आता गाड्यांचा मालक होऊन बसला होता. त्याच्या आजूबाजूला आणखी मालक मंडळी, बहुतेक त्याच वाटेने आलेली. कपिलने चित्र उघडून वेग समजावला. हवेत हात फिरवून वायुवेग म्हणजे काय तेही दाखवलं. मंडळींनी चहा येईपर्यंत ऐकून घेतलं. मग देवीलाल म्हणाला, चित्र झक्कास आहे, आता माझं नाव टाकून पाहा.

कपिलने नाव टाकलं. पडद्यावर चक्र फिरू लागलं. चहा आला.

"हे फिरून काहून राह्यलं?" देवीलालने विचारलं.

"तुमाले शोधून राह्यलं, काका."

"मी त इथंच बसून आहो."

मंडळी हसली. कोणी म्हणालं, भावसिंगचं टाका, तो जाडा आहे, लवकर सापडंल. भावसिंगचं टाकलं, चक्र त्याच्याही भोवती फिरत बसलं. देवीलालने कप खाली ठेवला आणि भिंगातून पाहावं तसं चित्राकडे पाहिलं. त्याचा सवाल साधा होता: हे चित्र आमच्याच यादीवर काढलं म्हणता, तर यादीतली ही नावं त्या दिवशी एवढ्या वेगानं कशी धावली?

इथे कपिल 'आउटलायर', म्हणजे सरासरीत न बसणारा अपवाद, असं म्हणाला असता तर निभावलं असतं. माना डोलल्या असत्या. इंग्रजी शब्दातून यवतमाळ जिल्ह्यात कोणी काही वजा करत नाही. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडी घरचाच शब्द येतो.

"ते कडत्यात गेले, काका," तो म्हणाला. "बेंचमार्कमंधून थोडा कडता काढा लागते."

बसलेल्यांपैकी असा एक नव्हता, ज्याच्या बापाने कापूस विकला नव्हता.

"माहा बाप पुसदले कापूस नेये," देवीलाल म्हणाला. आवाज चढवला नाही. "दरसाल कडता देऊन ये. आमी विचारो, बा, हे काहून कापते? तो म्हणे, मातीचं कापते रे." त्याने पडद्याकडे बोट केलं. "म्हंजे आता माती मीच काय?"

कपिलने सुनीलकडे पाहिलं. "भाऊजी," तो म्हणाला. बाहेरच्या माणसांसमोर पहिल्यांदाच.

भाऊजी चष्मा पुसत होते. पुसदला आपल्या बापाचा व्यवसाय काय, हे सांगायची ती वेळ नव्हती, एवढा हिशेब त्याला येत होता.

देवीलालने रुपालीला विचारलं, की पोरी, तू कायले आली?

"माही एक आहे. तिच्यातून काही काढलं नाही," रुपाली म्हणाली.

"हळू चालते?"

"या चित्रात हळू आहे."

तिने आपली लायब्ररी लावली. फाटकाच्या यादीतली इंग्रजी अक्षरं आणि संघटनेच्या यादीतले देवीलाल, देविलाल, देवलाल असे तीन तुकडे एका माणसात येऊन बसले, पुढे त्याच्या गाड्या. मागोमाग भावसिंग सापडला. मग खोलीतल्या प्रत्येकाला आपापलं नाव पाहायचं होतं, आणि कोणाच्याही चहाला साय धरली नाही. देवीलालने निकाल तिथेच दिला: चित्र तुमच्यापाशी ठेवा, आमच्याकडे हिची पाठवा.

परतताना दारव्ह्यापासून सुनील म्हणू लागला, की माझा पहिल्यापासून रुपालीच्याच लायब्ररीवर भरोसा होता. पुसद येईपर्यंत ते त्याला स्वतःलाही पटलं होतं. बापूजींनी सगळी हकीकत ऐकली. कडता काढला याचं त्यांना काहीच वाटलं नाही. "पण गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोलते कोण?" एवढंच ते म्हणाले, आणि सुनेच्या माहेराबद्दल आणखी काही, जे सून तिथेच असल्यामुळे अर्ध्यात राहिलं.

लायब्ररी रुपालीची गेली. नाव मात्र 'वायुवेग' राहिलं, कारण पाट्या छापून झाल्या होत्या. रुपालीने त्यावर वाद घातला नाही. नावं चुकीची लागतात याची तिच्या घराला सवय होती. तिने एकच अट घातली, की बेंचमार्क ती मांडेल, आणि सेटिंगची फाइल लायब्ररीसोबत प्रत्येक गिऱ्हाइकाकडे उघडी जाईल. नवं चित्र तयार झालं. त्यात वेगाची पट्टी आधीपेक्षा बुटकी दिसते म्हणून सुनीलने ते दरवाज्यामागे लावलं.

फोन आता कपिल सांभाळतो. बोलणं त्याचंही स्पष्ट आहे, हे वणीत सिद्ध झालंच होतं. दोन फोनांच्या मधे तो एकदा रुपालीच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. फाइलीत त्याची कडत्याची ओळ तशीच होती, फक्त पुढे शून्य होतं, म्हणजे एकही नाव वगळायचं नाही.

"शून्यच आहे त ठेवली कायले?" तो म्हणाला. "खोडून टाक ना."

"राहू दे, गिऱ्हाइकाले शून्य दिसलं पाह्यजे," रुपाली म्हणाली. "सरांले आनखी साळे आहेत."