बदलीची आत्या

आमच्याकडे आत्याशिवाय मुलीची मागणी होत नाही. बाप नसला तर काका उभा राहतो, चालतं. पण आत्या पाहिजेच. मुलाला आधी पारखते ती आत्या, आणि मागणीच्या दिवशी पांढऱ्या पायघोळ कांझूतल्या पाहुण्यांच्या रांगेतून त्याला हुडकून छातीवर फूल लावते तीही आत्याच. तोवर बापानंसुद्धा जावयाचं तोंड पाहिलेलं नसतं.

मॉरिसिओची पंचाईत एवढीच होती, की त्याची थोरली बहीण रेस्तितुता अजून जिवंत होती.

मसाका शहरात तिचं शिवणाचं दुकान होतं. मॉरिसिओची मुलगी पेरपेतुआ ह्या आत्याकडे राहून शिकली, तिथंच तिचं गोन्झागाशी जमलं आणि तिथंच आत्यानं त्याला चहा पाजून पारखला. मग रेस्तितुताचा नवरा गेला, आणि पुढच्या वर्षी ती भावाच्या दारात उतरली ती निम्मी होऊन. माणूस वाळत वाळत जातो म्हणून त्या आजाराला सगळे स्लिम म्हणत, तेही आवाज खाली आणून. कुणी म्हणे सीमेपलीकडच्या व्यापाऱ्यांनी करणी केली, कुणी म्हणे शहरात राहिल्याची फळं. एकत्र जेवल्यानं काही होत नाही, असं नर्सबाई सांगून गेली. तिच्यासमोर सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि तिची पाठ वळल्यावर मॉरिसिओनं बहिणीची बशी वेगळी काढली. मग बहिणीलाच मागच्या स्वयंपाकाच्या झोपडीत हलवली. ह्याच बहिणीनं त्याला शिकवला हे गावाला ठाऊक होतं. गाव बोललं नाही. कुठल्या तोंडानं बोलणार? घरोघरी एक बशी वेगळी होतीच.

मागणीसाठी त्यानं लांबची चुलतबहीण गौडेन्शिया आणली. धिप्पाड, गुटगुटीत, कुणाला शंका येऊ नये अशी. तिनं मुलाला कधी पाहिलेलं नव्हतं.

"पुढच्या दातांत फट आहे त्याच्या," पेरपेतुआनं रडत रडत सांगितलं. "पण माझी खरी आत्या असताना ही कशाला?"

"तुझं लग्न व्हायला हवंय ना?" मॉरिसिओ खेकसला. "मग गप्प बस."

पाहुणे मांडवात रांगेनं बसले. झोपडीत मॉरिसिओची बायको फिलोमेना केळीच्या पानात बांधलेला कच्च्या केळ्यांचा मटोके चुलीवर राखत होती. रेस्तितुता कुडाच्या फटीला डोळा लावून बसली होती.

"वन्सं, मागं सरा, दिसाल."

"दिसायला उरलंय काय माझं! बघ, बघ, गौडेन्शिया निघाली. अगं, हसव त्यांना! तोंड मिटून बसलेत मेले, दात कसे दिसणार? तिसरा... अगं, तिसरा!"

गौडेन्शिया रांगेच्या टोकापर्यंत गेली, परत आली, आणि एका दाढीवाल्याच्या छातीवर फूल लावून मोकळी झाली. तो गोन्झागाचा मेहुणा निघाला. बायकापोरं मांडवात, असा गृहस्थ! हशा उसळला. पाहुण्यांचा मध्यस्थ मात्र हसता हसता थांबला.

"यजमान, ही आत्या आमच्या ओळखीची नाही. आमच्या पोरानं जिच्या घरी चहा घेतला, ती कुठं आहे? येताना मसाक्याला तिच्या दारावरून आलो. कुलूप होतं. शेजारी म्हणाले, भावाकडे गेलीय."

सगळ्यांच्या माना मॉरिसिओकडे वळल्या. आजारी आहे म्हणावं, तर कसला आजार ते विचारतील. आणि त्या काळी ते कळल्यावर पाण्याचा घोटही न घेता पाहुणे उठले असते. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली.

"वारली ती," तो म्हणाला. "मागच्याच महिन्यात."

आतल्या खोलीत सजून बसलेली पेरपेतुआ किंचाळली. पाहुण्यांना वाटलं, आत्याच्या आठवणीनं.

झोपडीत फिलोमेनाच्या हातातलं पान गळून पडलं. मान वर करायची तिला लाज वाटली. नवरा तिचा होता, आणि वेगळी काढलेली बशी रोज भरत होती ती स्वतः. "मी जाते," ती म्हणाली. "सांगते सगळ्यांना, खोटं आहे म्हणून."

"आणि पोरीचं काय?" रेस्तितुतानं तिचा हात धरला. धरणारा हात तापानं भाजत होता. "बस खाली. आणि भांडी वाजव जरा, मला खोकला येतोय."

फिलोमेनानं दोन पातेली एकमेकांवर आपटली. रेस्तितुता पदराचा बोळा तोंडात कोंबून खोकली. "जोरात," ती मधेच म्हणाली. फिलोमेनानं जोरात आपटली.

मांडवात पाहुण्यांच्या बायका गुडघ्यांवर आल्या. मयताची बातमी कळली की रडायचं, मग मयत कुणाचं का असेना. ही आमची रीत. एकीनं सूर लावला, बाकीच्यांनी उचलला. रेस्तितुता ऐकत राहिली.

"छान रडतायत," ती म्हणाली. "चांगली माणसं दिसतात. पोरगी सुखात राहील." मग तिनं फिलोमेनाला दाराकडे ढकललं. "तू इथं काय करतेस? घरची बाई रडली नाही तर त्यांना संशय येईल. जा, माझ्यासाठी रड."

फिलोमेना मांडवात आली. रडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मॉरिसिओ जमिनीकडे बघत होता. तेवढ्यात रांगेतला तिसरा पोरगा उठला आणि तिच्यापुढे गुडघे टेकून बसला. त्याचे डोळे खरोखर भरलेले होते, आणि ओठ थरथरले तेव्हा दातांतली फट दिसली.

"मामी," त्यानं विचारलं, "शेवटी तुम्ही जवळ होता ना? आत्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या," फिलोमेना म्हणाली, "जा, माझ्यासाठी रड."