देवीची रेघ

मनकर्णाबाईच्या परड्याभोवती सकाळपासून गर्दी लोटली होती. दर्यापूरकडच्या त्या गावात नाल्याकाठची सगळी परडी रात्री रानडुकरांनी उकरून टाकली होती, उरलेल्या मिरच्या थंडीनं काळ्या पडल्या होत्या. हिची वांगी, मिरच्या, लसूण मात्र हिरवेगार. का नसणार? भस्मेबुवानं भोवती अंगाऱ्याची रेघ ओढली होती ना! बाया रेघेला हात जोडत होत्या आणि बुवा डोळे मिटून, देवी इथं पहाऱ्याला बसली आहे, असं घसा खरवडून सांगत होता.

कापसाच्या धांदलीत बाकीच्यांनी यंदा कुंपणं केलीच नव्हती. मनकर्णाबाईचं बाभळीच्या काट्यांचं दाट कुंपण देवीच्या आधीपासून तिथं उभं होतं. ती संध्याकाळी वाफ्यांना पाणी पाजायची, थंडी लागू नये म्हणून रात्री गोवऱ्यांचा धूर करायची, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. खुद्द तिच्याही नाही. कारण बुवाला आणलं होतं तिच्या सख्ख्या भावानं, सहदेवनं. दादा म्हणाला म्हणजे झालं.

दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. सहदेवनं उकिरड्याच्या कडेपर्यंत कापूस पेरला होता. मधे राहिलं होतं एवढंच परडं. विधवा होऊन माहेरी आलेल्या लेकीला ते बापानं पंचांसमक्ष दिलं होतं, आणि त्यातली भाजी विकून ती पोट भरत होती.

मग बुवाला देवीचा कोप दिसू लागला. देवी पहाऱ्यावर असताना कुंपण कशाला? तिच्या डोळ्यांत धूर कशाला? तिच्या पायाशी ओल कशाला? रानडुक्कर तर म्हणे देवीचं नाव ऐकताच थेट मोर्शीपर्यंत पळत सुटतं. मनकर्णाबाई घुटमळली, तेव्हा सहदेव म्हणाला, "माह्या शब्दावर भरोसा नाई का तुले?"

तिनं स्वतःच्या हातानं कुंपण काढलं, धूर आणि पाणीही बंद केलं. बुवानं नवी रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी परड्यात एक झाड धड नव्हतं. डुकरांनी सोडलं ते गारठ्यानं करपलं होतं. बुवानं जमलेल्या गावाला सांगितलं की ही जमीन भाजी मागत नाही, कापूस मागते. सहदेवनं बहिणीच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्या मायेनं म्हणाला की काळजी करू नको, मी कसतो.

तिचं लक्ष जमिनीकडं होतं. सगळ्यांत खोल उकरलं होतं ते रेघेवरच. जिनं डुकरं अडवायची, तीच रेघ त्यांनी नांगरल्यासारखी काढली होती. तिनं बुवाच्या झोळीत हात घातला, मूठभर अंगारा घेतला आणि वाटेवर उभ्या असलेल्या सहदेवच्या बैलापुढं टाकला. बैलानं मान खाली घातली.

सहदेव धावला. "ओढा त्याले मांगं! खाईन थो ते!"

"काय खाईन, दादा?" मनकर्णाबाईनं विचारलं. "राखच आहे ना थे?"

बैल राखेतली सरकी चवीनं खात होता, मोहाची वाळलेली फुलं जिभेनं वेचत होता. शेजारची तानुबाई वाकली, चिमूटभर उचलून हुंगली आणि ही सरकी कुठली म्हणून तिनं बुवाला विचारलं. कालपर्यंत देवीशी बोलणाऱ्या बुवानं निमूट सहदेवकडं बोट केलं.

मनकर्णाबाईचा आवाज चढला नाही. "तू मागतली असती जमीन, त मी नाई म्हटलं असतं. तुले राग आला असता. एवढंच झालं असतं ना, दादा?" तेवढं बोलून ती मटकन खाली बसली आणि रडली.

चार दिवसांनी ती पुन्हा बाभळीचे काटे ओढून आणत होती, एकटी. सहदेवच्या घरी ती पुढं कधी ओवाळायला गेली नाही.

वाचकहो, डुकराला देवी कळत नाही, सरकी कळते. थंडीला मंत्र ऐकू येत नाहीत. परडं वाचतं ते काट्यानं, धुरानं, वेळेवर दिलेल्या पाण्यानं. म्हणून कुणी तुम्हाला तुमचं कुंपण काढायला सांगितलं, तर आधी विचारा की माझ्या जमिनीत तू काय पेरणार आहेस. सांगणारा सख्खा भाऊ असला, तरी विचारा.