बोट ठेवून वाचलेली बातमी

कळंब्याच्या केरबाला अक्षरं आली ती पंचावन्नाव्या वर्षी, साक्षरता वर्गात. तेव्हापासून रोज सकाळी तो बोट ठेवून मोठ्यानं पेपर वाचायचा आणि मीनाबाई भाकरी थापत ऐकायची. तिला वाचता येत नव्हतं.

नव्व्याण्णवच्या जूनमध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा प्रसेनजीत कारगिलच्या डोंगरात लढत होता. त्याच्या पलटणीनं शिखर जिंकल्याची बातमी आली, तिरंग्याच्या फोटोसकट. मीनाबाईनं खीर करून गल्लीभर वाटली. पोराचं पत्र मात्र तीन आठवडे नव्हतं.

दूध डेअरीवर शेजारचा आकाराम म्हणाला, "आपल्या पेपरात रोज आपुनच जिंकतोय. त्यांच्या पेपरात त्येच जिंकत असतील. तिसऱ्याला इचार की गड्या, ज्याचं पोरगं कुठल्याच बाजूला न्हाई."

ते केरबाच्या डोक्यात बसलं. त्याची भाची संघप्रिया कोल्हापूरला विद्यापीठात एम.ए. करत होती. तिथल्याच राजारामपुरीतल्या इंटरनेटच्या दुकानात बसून तिनं लंडनच्या पेपरातली बातमी काढली आणि मामाला वाचता यावी म्हणून मोठ्या मराठी अक्षरांत उतरवून आणली.

शिखर घेतल्याचा भारताचा दावा आहे, असं त्यात होतं. वरच्या कड्यावर लढाई चालूच आहे. खाली आणलेल्या जखमींची मोजदाद अजून झालेली नाही.

"दावा म्हंजे?" केरबा तडकला. "आपली मानसं खोटं बोलत्यात व्हय?"

"तसं न्हाई, मामा. त्यांनी डोळ्यांनी बघितलं न्हाई, म्हणून तसं लिवत्यात. समोरच्यांच्या बोलण्याला बी दावाच म्हणत्यात."

"आन् आपल्या पेपरात जखमी का न्हाईत?"

"आपला पेपर मामी ऐकती."

केरबा कागद खिशात घालणार, तोवर मीनाबाई चुलीपासून उठून आली. "काय आणलंय पोरीनं? वाचा की."

त्यानं कागद उघडला. "लढाई संपली. शिखर आपलंच हाय. सगळी पोरं खाली उतरून इसावा घेत्यात," त्यानं एका दमात सांगितलं.

मीनाबाई पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. "कुठं अडखळला न्हाईसा. बोट बी हललं न्हाई. आता लिवलंय ते वाचा."

केरबानं बोट ठेवलं. 'जखमींची' या शब्दावर तो अडकला, मागं आला, पुन्हा वाचला.

सगळं ऐकून मीनाबाईनं हात धुतले. "खीर लई लवकर वाटली," ती म्हणाली. "पोरी, रोज आणत जा. ह्यो बी ऐकीन, त्यो बी ऐकीन."

तेरा दिवसांनी प्रसेनजीतचं पत्र आलं. केरबानं आधी मनात वाचलं, मग भराभर सांगून टाकलं, "बरा हाय म्हणतोय."

"बोट ठेवून," मीनाबाई म्हणाली.

त्यानं बोट ठेवलं. पायाला गोळी लागली आहे. 'इस्पितळात'वर तो दोनदा अडकला. मीनाबाई उंबऱ्यावर बसली.

"व्हय," ती म्हणाली. "आता पुढचं वाचा. सावकाश."

केरबाचं बोट 'बरा'वर आलं. तिथंही तो अडखळला, तेव्हा कुठं तिनं पदरानं तोंड पुसलं.