आईचा एकटीचा फोटो

आईचा एकटीचा फोटो कायले काढून राह्यली, असं शेजारच्या नानीबाई काकूनं मले भर अंगणात विचारलं. आमच्या गावात जित्या माणसाचा एकट्याचा मोठा फोटो कोणी काढत नाई. तसा फोटो काढला का तो भिंतीवरच जाते, हार घालून. अन् आई तर बिमार होती.

बिमार म्हंजे, कपडे वाळू टाकताना तिच्या हाताले मुंग्या येत. खांद्यापर्यंत चढत. वाशीमच्या डॉक्टरनं कमजोरी म्हणून गोळ्या देल्या. गोळ्या सरल्या, मुंग्या तशाच. पोळ्याच्या आधी आमची बकरी न्हाणीच्या टिनापाशी मरून पडली. साप डसला म्हणून लोकं मोकळे झाले. तवापासून आईचं बोलणंच कमी झालं. मले भेव वाटे, अन् मले भेव वाटलं का राग येते. मी काकूले म्हटलं, तू तुह्या कोंबड्या पाह्य.

मालेगावात धम्मपाल मामाचा फोटो स्टुडिओ हाये. शाळा सोडली तवापासून माहा दिवस तेथीच जाते. मामाजवळ त्याच्या जवानीतला रेंजफाइंडर कॅमेरा हाये, रीळवाला. अन् मंगरूळपीरच्या भंगारवाल्याकडून त्यानं एक जुनी पोर्ट्रेट लेन्स आणली होती, वरवंट्यासारखी जड. कॅमेऱ्यावर फिरवली तं घट्ट बसली. मामा म्हणे, ने घरी, कशी निंगते ते पाहू.

या कॅमेऱ्यात लेन्समधून दिसत नाई. बाजूच्या खिडकीतून पाहा लागते. खिडकीच्या मधात एका माणसाचे दोन दिसते. रिंग फिरवून दोन्ही एकावर एक आणले का फोकस बसला समजायचा. मी आईले न्हाणीसमोर स्टुलावर बसवलं. दोन आया हळूहळू सरकत आल्या अन् एक झाल्या. हसू का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, नको.

मामानं रीळ धुतली अन् निगेटिव्ह माह्या हातात देल्लं. म्हणे, लेन्स या कॅमेऱ्याशी जुळत नाई. खिडकीत चेहरा जुळलेला दिसते, पण फोकस मांगं जाऊन पडते. फेकून दे.

मी फेकलं नाई. शिरपूरच्या गाडीनं घरी आली, मोबाइलचा पांढरा स्क्रीन लावला, त्यावर निगेटिव्ह धरून भिंगातून पाह्यलं. आईले चेहराच नव्हता. नुसता धुक्याचा गोळा. काकूनं मांगून डोकावून पाह्यलं, तोंडाले पदर लावला अन् आंघोळीले गेली. असं काही वाईट पाह्यलं का ती डोक्यावरून पाणी घेते.

माहं डोकं सणकलं. चेहरा नाई तं नाई, फोकस मंग पडला कुठी? न्हाणीच्या टिनावर. टिनाचा एकेक खिळा दिसून राह्यला होता. खांबावरून मीटरले येणारी वायर टिनाच्या धारेवर टेकली होती, अन् टेकली तेथी रबर घासून गेलं होतं. निगेटिव्हात चमकते ते काळं दिसते. तेथी काळं दिसत होतं. नागडा तार. अन् त्याच टिनाच्या कोपऱ्याले कपडे वाळू टाकायचा तार बांधला होता.

बाहेर आईनं धुतलेल्या कपड्याची बादली ठेवल्याचा आवाज आला.

मी आईले थांब म्हटलं, धावत जाऊन बोर्डाची फ्यूजची ग्रिप उपटली. पंखा बंद झाला. मंग आतूनच ओरडली, टाक आता. तरी एकदा पाहाव म्हणून टेस्टर घेतला अन् बाहेर आली. आई वली गोधडी खांद्यावर घेऊन ताराकडे निंगाली होती. मी तिच्या आधी पोचली, टेस्टर ताराले लावला.

लाल पेटला.

पंखा बंद अन् टेस्टर चालू. तवा मले समजलं. ग्रिप मीटरच्या नंतर असते, ही वायर मीटरच्या आधीची. माह्या ग्रिपीनं तिले काय फरक पडणार होता. अन् टाक मीच म्हटलं होतं.

मी गोधडी दोन्ही हातानं खाली ओढली. ती मातीत गेली. आईनं माह्या कानाखाली हाणली.

"डोकं फिरलं का तुहं?"

मी टेस्टर परत ताराले लावला. तिनं लाल उजेड पाह्यला, मंग आपला हात पाह्यला, मंग बकरी पडली होती ती जागा पाह्यली.

"रोज टाकत होती मी यावर," ती हळूच म्हणाली.

लाइनमनले फोन लावला, घंटी वाजून बंद झाली. परत लावला. अन् टिनापलीकडून लोटा वाजला, पाणी पडल्याचा आवाज आला. काकूची न्हाणी आमच्या न्हाणीले लागूनच हाये. टिन दोघींचं एकच.

"काकू, टिनाले हात लावू नको," मी म्हटलं. "करंट उतरला हाये. हळूच बाहेर ये."

पाणी थांबलं.

"कशी येऊ माय," काकू म्हणाली. "दार टिनाचं, कडी टिनाची. अन् मी सारी वली हावो."

मी तिले म्हटलं, मधात उभी राह्य, हलू नको. आईनं माहा हात धरला, घट्ट. वरतं वायर वाऱ्यानं टिनावर घासून राह्यली होती, अन् लाइनमनच्या फोनची घंटी नुसती वाजत होती.