आंबट कॉडलिनची सोयरीक

जे सफरचंद झाडावरून तोडून तसेच दातांनी चावता येते, ते सफरचंदच नव्हे, असे क्लेमंट बॅगशॉ याचे ठाम मत होते. अशा फळाला तो ‘साखरपाणी’ म्हणत असे. ते खाणाऱ्या माणसांना मात्र तो काहीच म्हणत नसे. केवळ त्यांच्याकडे पाहून नाकातून एक बारीकसा आवाज काढी, आणि तेवढ्याने समोरच्या मनुष्याचे संपूर्ण मूल्यमापन होऊन जात असे.

त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरामागे कॉडलिन नावाच्या, शिजवूनच खायच्या सफरचंदाचे एक झाड उभे होते. ते त्याच्या आजोबांनी लावलेले. त्याची फळे हिरवी, ओबडधोबड आणि इतकी आंबट, की कस्तुर पक्षीदेखील एकदा चोच मारून पुन्हा त्या फांदीवर बसत नसे. तथापि तेच फळ गाभा काढून भट्टीत ठेवले, की त्याची साल फाटून आतून शुभ्र फेस वर येई, आणि क्लेमंटच्या मुद्रेवर वर्षातून एकदाच दिसणारी तृप्ती प्रकट होई. सुगीच्या मेजवानीला चर्चच्या दालनात जे ॲपल पाय मांडले जात, ते सर्व याच झाडाचे. भट्टीतही ज्याला आपला आकार सोडवत नाही, ते फळ हलक्या कुळातले, असे तो त्या प्रसंगी दरवर्षी सांगत असे, आणि ऐकणारे दरवर्षी कस्टर्डचे भांडे पुढे सरकवीत असत.

हेरफर्डशर परगण्यातील त्या टेकडीवर दोनच घरे होती. खालच्या उतारावरील सफरचंदांच्या जुन्या बागा केव्हाच उपटल्या जाऊन तेथे मेंढ्यांची कुरणे झाली होती. दुसऱ्या घरात लेनर्ड टफनेल नावाचा गृहस्थ राहत असे. जन्मभर बर्मिंगहॅममध्ये बस चालवून तो निवृत्तीनंतर येथे आला होता. मनुष्य स्वभावाने सरळ, पण क्लेमंटच्या दृष्टीने त्याचा एकच अपराध अक्षम्य होता. दुकानदाराने जे हातात दिले, ते तो जमिनीत लावीत असे. त्याच्या बागेत प्लॅस्टिकचा बगळा होता. त्या बगळ्याविषयी क्लेमंटने आजवर एक अक्षरही काढले नव्हते, आणि हा आपला मोठा संयम आहे असे तो समजत असे.

दोन्ही बागांमधील कुंपणात पूर्वी एक रानटी सफरचंदाचे झाड होते. त्याची बोराएवढी फळे शरदात खाली पडून कुजत आणि त्यांवर गांधीलमाश्या जमत. ते झाड काढावे म्हणून क्लेमंटने अनेक वर्षे कुंपणावरून लेनर्डची हजेरी घेतली होती. असले झाड ठेवणे म्हणजे दिवाणखान्यात भटके कुत्रे बाळगणे होय, असे तो म्हणे. अखेर एका हिवाळ्यात लेनर्डने ते तोडले, आणि शेजाऱ्याला आनंद व्हावा म्हणून त्याच जागी सफरचंदाचेच नवे रोप लावले. रोपाला रंगीत चिठ्ठी बांधलेली होती. क्लेमंटने चष्मा लावून ती वाचली. फळ लाल, रसाळ व गोड असून ते मुलांना विशेष आवडते, असे तीवर छापले होते. क्लेमंटने नाकातून तो आवाज काढला. पुढे त्या रोपाचा उल्लेख निघाला, की ते उपटून तेथे बाकडे टाकणे अधिक शहाणपणाचे, असा सल्ला तो न विसरता देत राहिला.

त्यानंतर कॉडलिनचे फळ बंद झाले.

फुलोरा पूर्वीसारखाच येई, पाकळ्या गळत, आणि मागे फळाचा मागमूस राहत नसे. पहिल्या वर्षी क्लेमंटने हिमाला दोष दिला. दुसऱ्या वर्षी मधमाश्या हल्ली आळशी झाल्या आहेत असे जाहीर केले. त्यापुढील जानेवारीत त्याने वाडवडिलांची रीत पाळली: सायडरमध्ये, म्हणजे सफरचंदाच्या दारूत, भिजवलेले पावाचे भाजके तुकडे फांद्यांत खोचले, उरलेले सायडर मुळांशी ओतले, आणि झाडाची झोप उडावी म्हणून चिखलात उभे राहून पातेले बडवीत गाणे म्हटले. पूर्वी या कार्याला सारा गाव जमत असे. या खेपेस तो एकटाच होता. पत्नी हेस्टर खिडकीतून पाहत होती. तो आत आल्यावर तिने ते पातेले त्याच्या हातातून घेतले, त्याचा पोचा तपासला आणि निर्विकारपणे फडताळात ठेवून दिले.

हेस्टरला कॉडलिनच्या जागी काचेची एक उबदार खोली हवी होती. कित्येक वर्षे तिने तो विषय काढला, की क्लेमंट सुगीच्या ॲपल पायचे नाव घेऊन तिला गप्प करीत असे. आता ते नाव घेण्याची सोय राहिली नव्हती. यंदाच्या शरदातही फळ न धरल्यास झाड जाईल, असे तिने ठरवले, आणि त्यानेही मोठ्या रुबाबात ते मान्य केले. कारण मान्य न करणे म्हणजे आपल्या झाडावर आपला विश्वास नाही असे कबूल करणे झाले असते.

मे महिन्यात कॉडलिन पुन्हा फुलले. अशाच एका सकाळी न्याहारीच्या वेळी हेस्टरने बातमी सांगितली, की लेनर्ड आज ते गोड सफरचंदाचे झाड खणून काढतो आहे. बॅगशॉसाहेब इतके सांगतात त्या अर्थी त्यात तथ्य असले पाहिजे, असे त्याचे म्हणणे पडले. क्लेमंटने समाधानाने मान डोलावली आणि पावावर मुरंब्याचा दुसरा थर दिला.

“काढू दे,” हेस्टर म्हणाली. “म्हणजे माझ्या खोलीचं काम एकदाचं मार्गी लागलं.”

“त्याच्या झाडाचा तुझ्या खोलीशी काय संबंध?”

“कॉडलिन एकटं धरत नाही, क्लेम. दुसऱ्या जातीचा फुलोरा जवळ असावा लागतो, त्याशिवाय माश्यांनी आणायचं काय? तुझे वडील जन्मभर हेच सांगत होते. मग इतकी वर्षं ह्याचा जोडीदार कोण होता सांग बघू.”

क्लेमंटने सुरी खाली ठेवली.

“तो कुंपणातला रानटी,” तीच म्हणाली. “तो तू तोडायला लावलास. आणि ह्या वर्षी लेनर्डचं झाड पहिल्यांदा फुललंय.”

“तुला हे सारं माहीत होतं?”

“तुलाही माहीत होतं. पण आपल्या झाडाची सोयरीक कुंपणातल्याशी असेल, हे तुझ्या डोक्यात शिरलं नसतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला खोली हवी होती.”

“आणि आज बरी बोललीस!”

“तू इतक्या खुशीत मुरंबा फासत होतास,” हेस्टर म्हणाली, “मला बघवेना.”

क्लेमंट बाहेर पडला, तो घरातल्या चपलांनीच. लेनर्डने झाडाभोवती अर्धा चर खणून ठेवला होता आणि तो फावड्यावर रेलून चहा पीत होता. झाड क्लेमंटच्या खांद्याएवढे होते. गुलाबी कळ्यांनी ते असे लगडले होते, की क्लेमंटला त्यातही उथळपणा दिसला. घरंदाज झाड इतक्या लहान वयात इतका देखावा करीत नसते.

त्याने प्रथम उपदेशाचा मार्ग धरला. फुलोऱ्यातले झाड उपटू नये, उपटणाऱ्याचे बरे होत नाही, असे त्याने गंभीरपणे सांगितले. लेनर्डने विचारले, की मग रानटी झाड हिवाळ्यात तोडले त्याचे पुण्य पदरी पडले का? क्लेमंटने तो प्रश्न ऐकला नाही असे दाखवले.

“तुम्हीच तर मागे लागला होतात, बॅगशॉसाहेब. बाकडं टाका म्हणालात. बाकडं आणलंसुद्धा मी.”

“माझं मत थोडं बदललं आहे.”

“तुमचं?” लेनर्डने चहाचा पेला कुंपणाच्या खांबावर ठेवला. “बरं. मग ह्या झाडाचा एक गुण सांगा. एकच. पटला तर माती परत लोटतो.”

क्लेमंट बॅगशॉ याच्यावर असा प्रसंग पूर्वी कधी आला नव्हता. दोषांची वानवा त्याला कधीच पडली नव्हती. गुण मात्र त्याला जमिनीतून उकरून काढल्यासारखा शोधावा लागला. त्याने झाडाभोवती एक फेरी मारली.

“फळ लाल असतं,” तो म्हणाला.

“लाल तर पोस्टाची पेटीही असते.”

“मुलांना आवडतं म्हणतात.”

“हे चिठ्ठीवरचं झालं. तुमचं सांगा.”

लेनर्डने फावडे उचलून चरात रोवले. एक जाडसर मूळ कचकन तुटल्याचा आवाज आला, आणि क्लेमंटचा हात आपोआप फावड्याच्या दांड्यावर पडला. त्या क्षणी त्याच्या मनात लेनर्डविषयी, त्या बगळ्याविषयी व त्या बटबटीत कळ्यांविषयी पूर्वीपेक्षाही अधिक तुच्छता भरून आली. एवढे असूनही जे बोलायचे ते बोलावेच लागणार होते.

“माझं झाड ह्याच्यावाचून धरत नाही,” तो म्हणाला. “ह्याची फुलं नसतील तर त्याला फळ नाही. आणि फळ नाही तर हेस्टर ते तोडणार.”

लेनर्डने कुंपणापलीकडे पाहिले. हेस्टर दारात उभी होती, आणि तिने होकारार्थी मान हलवली.

“म्हणजे तो रानटी…”

“हो.”

“आणि मी तो तुमच्या सांगण्यावरून…”

“हो, म्हटलं ना.”

लेनर्ड हसेल अशी क्लेमंटची अपेक्षा होती, आणि हसला असता तर त्याला बरे वाटले असते. हसणाऱ्या मनुष्याला मूर्ख ठरवणे सोपे असते. परंतु लेनर्ड हसला नाही. त्याने क्लेमंटला डोक्यापासून त्या घरातल्या चपलांपर्यंत एकदा पाहिले, आणि त्या पाहण्यात क्लेमंटला स्वतःचीच नजर ओळखू आली.

“मुळं दुखावलीत,” लेनर्ड म्हणाला. “आता फुलं टिकवायची तर रोज पाणी घालावं लागेल. मला संध्याकाळी पबमध्ये डार्ट्स असतात. तुम्ही घाला.”

मग त्याने माती परत लोटली, आणि क्लेमंटने ती त्याच चपलांनी चहूबाजूंनी दाबून घट्ट केली.

पुढे रोज संध्याकाळी तो झारी घेऊन लेनर्डच्या फाटकातून जाऊ लागला. पाणी घालताना तो झाडाकडे पाहत नसे. पण झारीत विहिरीचे गार पाणी न भरता दिवसभर उन्हात राहिलेले पाणी भरी, आणि ते खोडावर न उडवता मुळांशी हळू सोडी. तिरस्कार कितीही असला तरी काम वाईट करणे त्याच्या रक्तात नव्हते. माश्या त्या फुलांवरून उठून कुंपण ओलांडून कॉडलिनवर येत. ही ये-जा तो स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून पाही. एखाद्या बापाने नाइलाजाने ठरवलेल्या लग्नाची वरात पाहावी, तशी त्याची मुद्रा असे.

पाकळ्या गळाल्यावर काही दिवसांनी त्याने खालची फांदी वाकवून पाहिली. देठांशी वाटाण्याएवढ्या हिरव्या गाठी धरल्या होत्या. सर्वत्र नव्हेत, पण पुष्कळ. तो आत गेला आणि हेस्टरला म्हणाला, की फळ धरले.

हेस्टर बटाटे सोलीत होती. खोली गेल्याचे दुःख तिने लपवले नाही, आणि अभिनंदनही केले नाही.

“मला काय सांगतोस?” ती म्हणाली. “ज्याला सांगायचं त्याला जाऊन सांग.”

 तो झारी न घेताच, लेनर्डच्या घराकडे पहिल्यांदाच रिकाम्या हाताने निघाला. लेनर्ड बाकड्यावर बसून वर्तमानपत्र वाचीत होता. क्लेमंट त्याच्यासमोर उभा राहिला, बगळ्याकडे पाठ केली, आणि एखाद्याची चहाडी करावी तशा स्वरात म्हणाला,

“धरलंय.”

लेनर्ड बाकड्यावर थोडा सरकला. क्लेमंट बसला.