बेपत्ता नऊ टक्के

“मामा, डबा उघडा,” प्रयोगाचा रिपोर्ट लिहिणारा शौनक म्हणाला.

सोनबाने डबा उघडला. नाचणीची भाकरी, जवळ्याची चटणी. शौनकने कागदाच्या ओल्या चकतीने डबा आतून-बाहेरून पुसला आणि चकती किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मशीनमध्ये घातली. त्याआधी सोनबाच्या चपला आणि खुर्ची पुसून झाली होती.

महाड एमआयडीसीतल्या या लॅबमध्ये सोनबा एकवीस वर्षं उंदरांच्या लेंड्या गोळा करत होता. त्याच्या गावी, कुडपणला, त्याला शास्त्रज्ञ समजत. औषधाला किरणोत्सर्गी कार्बनची खूण लावून ते उंदराला पाजायचं आणि लघवी-लेंडीतून किती बाहेर पडलं ते मोजायचं; शेवटी उंदीरही कापून मोजायचा. आत गेलं तेवढं सापडायला हवं. या खेपेला सहा उंदीर मोजून झाले, तरी नऊ टक्के औषध बेपत्ता होतं. उरला सात नंबर. त्याला सोनबा सरपंच म्हणे, कारण तो दिवसभर खायचा आणि काही विचारलं की मिशा हलवायचा.

डब्यात काही निघालं नाही.

“काही सांडलं असेल तर सांगा. नाहीतर रिपोर्टात तुमचा हलगर्जीपणा लिहावा लागेल.”

“येकवीस वर्सांत येक लेंडी गमावली नाय मी, साहेब.”

घरी, पोलादपूरला, बायकोने, बयाबाईने, सगळं ऐकून घेतलं. “मी येऊन सांगू साहेबाला? म्हनावं, ह्यांना खोटं बोलता येत नाय. लगीन ठरवताना वय खरं सांगितलंनीत.”

दुसऱ्या दिवशी शौनक वैतागून कालिंदी मॅडमना म्हणाला, “यांनी सांडलं नाही, तर काय हवेत गेलं?”

लॅबच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला.

सरपंचाला औषध पाजून काचेच्या बंद भांड्यात बसवलं. एका नळीने ताजी हवा आत, दुसरीने त्याचा श्वास कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या पाण्यातून बुडबुडत बाहेर. दोन दिवसांनी ते पाणी मोजलं. नऊ टक्के. शरीराने तेवढं औषध जाळलं होतं आणि उंदराने ते श्वासावाटे सोडून दिलं होतं.

“सॉरी, मामा.”

“आसूं दे. सरपंच बोलला असता तर येवढी दगदग नसती झाली.” सोनबाने चष्मा पुसला. “आता जुळलं ना सगळं?”

“जवळजवळ. थोडं अंगात राहिलं असेल. उद्या सकाळी...”

सोनबाने सरपंचाला पिंजऱ्यात ठेवलं, पाणी बदललं. मग हातमोज्यातल्या बोटाने त्याच्या दोन कानांच्या मधे खाजवत उभा राहिला. सरपंचाने डोळे मिटले.

पोलादपूरची पाचची एसटी गेली. साडेपाचचीही गेली.